दोन स्पीकर, दोन पार्ट्या आणि एक ब्लमलाइन

मित्रांनो, होस्टेलमध्ये दोन वाद कधीच मिटत नाहीत. पहिला मेसच्या भाजीचा आणि दुसरा म्युझिक सिस्टिमचा! एक पार्टी म्हणते, अ‍ॅम्प्लिफायर असावा तर व्हॉल्व्हचाच. त्याच्या आवाजातला गोडवा ट्रान्झिस्टरला सात जन्मांत जमणार नाही. दुसरी पार्टी म्हणते, त्या तापलेल्या काचेच्या बाटल्या म्युझियममध्ये नेऊन ठेवा, सॉलिड स्टेटसमोर त्यांचं काही चालायचं नाही. रात्री दोन वाजेपर्यंत हे भांडण रंगतं. गंमत म्हणजे ज्या स्पीकरला हा अ‍ॅम्प जोडायचा त्याच्याबद्दल दोन्हीकडचं कुणी चकार शब्द काढत नाही. बैल कुठला चांगला यावर तावातावाने भांडायचं आणि गाडीत ओझं किती आहे ते बघायचंच नाही, असला हा प्रकार!

या लेखात मी ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्याचं काम दोन्ही पार्ट्यांच्या डब्यांत आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्येही आहे आणि ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्येही. इतकंच काय, स्पीकर एकाऐवजी दोन का असतात, याचं उत्तरही बऱ्याच अंशी त्याच्याकडेच जातं. साउंड इंजिनिअर लोकांत त्याचं नाव आदराने घेतलं जातं, पण आपल्या टेक्स्टबुकात त्याची सर्किट्स सापडतात आणि नाव मात्र सहसा सापडत नाही. हा माणूस म्हणजे अ‍ॅलन डॉवर ब्लमलाइन.

अ‍ॅलनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मनीतले, खाणींच्या धंद्यातले इंजिनिअर. आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. असं सांगतात की, सात वर्षांचा असताना त्याने घरची दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं. खाली सही करताना नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर असं लिहायलाही तो विसरला नाही! बिलात स्पेलिंगच्या चुका होत्या, कारण साहेबांचं वाचन-लेखन यथातथाच होतं. बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं, पण बीजगणित मात्र भरपूर येत होतं. पियानो शिकायचा प्रयत्न केला, तोही सोडून दिला. ज्यांच्या घरी रिझल्टवरून बोलणी बसतात त्यांनी हा परिच्छेद कापून आईबाबांना पाठवायला हरकत नाही.

पुढे शाळेत गाडी रुळावर आली. लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात (ते इम्पीरियल कॉलेजचाच भाग) त्याला स्कॉलरशिप मिळाली, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि दोन वर्षांत तो फर्स्ट क्लास ऑनर्स घेऊन बाहेर पडला. १९२४ मध्ये तो इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत लागला. काम होतं लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनचं. एका तारेतलं बोलणं शेजारच्या तारेत ऐकू येतं, त्या क्रॉसटॉकच्या मागे तो लागला. दोन सिग्नल एकमेकांजवळून जाताना त्यांतला फरक कसा ओळखायचा आणि दोघांत सारखा असलेला गोंगाट कसा काढून टाकायचा, हा विचार बहुधा तिथेच त्याच्या डोक्यात मुरला असावा. पुढे त्याच्या प्रत्येक मोठ्या कामात तो दिसतो.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखाली आला. कंपनीची अडचण सरळ होती. तबकडी कोरायचं जे इलेक्ट्रिक यंत्र तेव्हा वापरात होतं त्याचं पेटंट अमेरिकेतल्या बेल कंपनीकडे होतं आणि त्यापोटी भली मोठी रॉयल्टी मोजावी लागत होती. ब्लमलाइनने फिरत्या लोखंडी पट्टीऐवजी मूव्हिंग कॉइल वापरून नवं कटिंग हेड बनवलं. रॉयल्टी वाचली आणि आवाजही सुधारला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय ही कंपनी झाली. ग्रामोफोन कंपनी म्हणजेच एचएमव्ही, भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा! आपल्या आजी-आजोबांच्या कपाटात तो कुत्रा छापलेल्या तबकड्या असायच्या, त्या या ईएमआयच्याच भारतातल्या शाखेच्या. आजची सारेगामा कंपनी ती हीच.

त्याच वर्षी तो त्याच्या होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, सिनेमाला गेला होता असं सांगतात. पडद्यावर नट उजव्या कोपऱ्यात, पण आवाज येतो मात्र एकाच जागच्या स्पीकरमधून. इतर प्रेक्षक पिक्चर बघत होते आणि हा माणूस तिला समजावत होता की आवाज नटाच्या मागोमाग कसा फिरवता येईल. (मुलींनो, इंजिनिअर मुलाबरोबर पिक्चरला जाताना विचार करा!) १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज टाकला. त्यात एकूण ७० दावे होते. दोन मायक्रोफोन कसे ठेवायचे, एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनल कसे कोरायचे, दोन स्पीकरमधून आवाजाची जागा कशी तयार करायची, सगळं त्या एका अर्जात. आठ आकड्यासारखा आवाज पकडणारे दोन माइक ९० अंशांत ठेवायची त्याची पद्धत आजही ब्लमलाइन पेअर याच नावाने ओळखली जाते.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिकबरोबर मोझार्टची ज्युपिटर सिंफनी वाजवत असताना ब्लमलाइनच्या टीमने स्टीरिओ रेकॉर्डिंग केलं. १९३५ मध्ये हेस स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाड्यांची स्टीरिओ आवाजासह फिल्मही घेतली. पण बाजारात याला गिऱ्हाईक नव्हतं. मंदीचे दिवस होते आणि लोकांकडे एक स्पीकर घ्यायला पैसे नव्हते, तिथे दोन कोण घेणार? स्टीरिओ तबकड्या दुकानात यायला १९५८ साल उजाडलं.

ईएमआयने त्याला टेलिव्हिजनकडे वळवलं. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही प्रसारण सुरू केलं, त्यातली ४०५ रेघांची पद्धत ज्या टीमने बनवली तिच्यात ब्लमलाइन आघाडीवर होता. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत टिकली. याच धावपळीत १९३६ साली त्याने आणखी एक पेटंट घेतलं. दोन व्हॉल्व्ह, दोघांचे कॅथोड एकत्र जोडलेले आणि खाली एक मोठा रेझिस्टर. दोन इनपुटमधला फरक तेवढा वाढवायचा आणि दोन्हीत सारखं असेल ते दाबून टाकायचं. खालच्या लांब शेपटीवरून त्याला लाँग-टेल्ड पेअर म्हणतात. काही आठवतंय का? आपला डिफरन्शिअल अ‍ॅम्प्लिफायर! ७४१ च्या पोटात पहिल्याच पायरीला बसलेला, ओरल परीक्षेत हमखास विचारला जाणारा!

आता १९३७ च्या पेटंटकडे येऊ, कारण आपल्या होस्टेलच्या भांडणाचं मूळ इथे आहे. त्यासाठी थोडी थिअरी लागेल. घाबरू नका, अटेंडन्स घेणार नाही.

स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिलेलं असतं, पण ते नुसतं नाव आहे. प्रत्यक्षात इम्पीडन्स फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलत राहतो. खालच्या सुरांत, जिथे कोन स्वतःच्या लयीत डोलू लागतो तिथे, तो ३० ओहमच्या वर जाऊ शकतो, तर दुसरीकडे कुठे ५-६ वर येतो. आता अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स धरा २ ओहम. हे दोन्ही मिळून पहिल्या वर्षाचा साधा व्होल्टेज डिव्हायडर होतो. स्पीकर ३२ ओहमचा असेल तिथे ९४ टक्के व्होल्टेज पोचतं, ८ ओहमला ८० टक्के आणि ४ ओहमला ६७ टक्के. म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकात ३ डीबीचा फरक. गाणं तेच, पण काही सूर फुगतात आणि काही बसतात. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स ०.०५ ओहम असेल तर हाच फरक ०.१ डीबीच्या आसपास येतो, म्हणजे कानाला कळतच नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. इलेक्ट्रिकलवाले लगेच ओळखतील. स्पीकरची कॉइल चुंबकात हलते, म्हणजे ती छोटा जनरेटरही असते. तबल्याची थाप संपली तरी कोन हलत राहतो. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स कमी असेल तर त्या जनरेटरला जवळजवळ शॉर्ट सर्किट मिळतं आणि कोन पटकन थांबतो, डीसी मोटरच्या डायनॅमिक ब्रेकिंगसारखा. इम्पीडन्स जास्त असेल तर बेस घुमत राहतो. स्पीकरचे ओहम भागिले अ‍ॅम्पचे ओहम, याला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. मात्र जाहिरातीत ५००-१००० चे आकडे बघून भुलू नका. कॉइलच्या तारेचाच ६ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स त्या वाटेत बसलेला असतो. डॅम्पिंग फॅक्टर २० च्या पुढे गेला की कोनला मिळणारा ब्रेक फारसा वाढत नाही.

व्हॉल्व्हच्या जमान्यात इथेच पंचाईत होती. ट्रायोडचा आतला रेझिस्टन्स कमी, आवाज स्वच्छ, पण पॉवर जेमतेम. पेंटोड भरपूर पॉवर देणार, पण त्याचा आतला रेझिस्टन्स प्रचंड, त्यामुळे स्पीकरवर ताबा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! ब्लमलाइनची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. पेंटोडची स्क्रीन ग्रिड सरळ सप्लायला जोडली की तो पेंटोड राहतो. तीच ग्रिड अ‍ॅनोडला जोडली की तो ट्रायोडसारखा वागतो. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वाइंडिंगमधून अध्येमध्ये एक टॅप काढून ग्रिड तिथे जोडली तर? पेंटोडची बरीचशी पॉवर हातात राहते, आणि आउटपुट इम्पीडन्स आणि डिस्टॉर्शन ट्रायोडच्या जवळ येतं. महागडा पार्ट नाही, जास्तीचा व्हॉल्व्ह नाही, फक्त तार योग्य जागी जोडायची. पण या पेटंटचीही तेव्हा फारशी दखल कुणी घेतली नाही.

तेवढ्यात १९३९ साली युद्ध सुरू झालं. ब्लमलाइन आता रात्री शत्रूचं विमान शोधणाऱ्या रडारवर काम करू लागला. मग एच-टू-एस नावाचं रडार आलं. ढग असोत की अंधार, विमानातून खालच्या जमिनीचा नकाशा स्क्रीनवर दाखवणारं. ७ जून १९४२ रोजी त्याची चाचणी घ्यायला हॅलिफॅक्स जातीचं बाँबर विमान उडालं. आत एकूण ११ जण होते. त्यांत ईएमआयचे तिघे होते, ब्लमलाइन, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लिथेन. उजव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनला हवेत आग लागली, ती पंखापर्यंत पोचली आणि वेल्श बिकनॉर या गावाजवळ विमान कोसळलं. कुणीही वाचलं नाही. ब्लमलाइनचा ३९ वा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. घरी डोरीन आणि दोन लहान मुलगे होते.

चौकशीत काय निघालं? इंजिनच्या एका इनलेट व्हॉल्व्हचा टॅपेट नट नीट आवळलेला नव्हता. तो सैल होत गेला, व्हॉल्व्हच्या दांड्यावर नको तो ताण येत राहिला, फटीग होऊन दांडा तुटला आणि इंधनाने पेट घेतला. एक नट! वर्कशॉपमध्ये आपण सर गेले की घाईघाईत जॉब सबमिट करतो, त्या वेळी हा नट आठवावा म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

रडार अतिशय गुप्त होतं, त्यामुळे त्याच्या मृत्यूची बातमीसुद्धा सुमारे तीन वर्षं दाबून ठेवली गेली. ज्या माणसाच्या नावावर १२८ पेटंट होती, त्याच्यावर वेळेवर चार ओळींचा मृत्युलेखही आला नाही. एच-टू-एस मात्र पुढे पूर्ण झालं आणि १९४३ पासून वापरात आलं.

आणि मग ज्या गोष्टींना गिऱ्हाईक नव्हतं त्यांना एकेक करून गिऱ्हाईक मिळत गेलं. १९५१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हाफलर आणि हर्बर्ट केरोस यांनी ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर चालणारा अ‍ॅम्प लोकांसमोर आणला आणि त्याला अल्ट्रा-लिनिअर हे नाव दिलं. प्रायमरीच्या साधारण ४० टक्क्यांवर टॅप घेतला की मेळ छान जमतो असं दिसलं. हाफलरच्या डायनाको कंपनीचा १९५९ चा स्टीरिओ ७० हा ३५-३५ वॅटचा अ‍ॅम्प याच पद्धतीचा. तो इतका खपला की जगभर हौशी लोक आजही तो दुरुस्त करून वाजवतात. नीट विचार करा, स्टीरिओही ब्लमलाइनचा आणि टॅपची युक्तीही ब्लमलाइनची.

१९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, निगेटिव्ह फीडबॅक भरपूर देता येऊ लागला आणि आउटपुट इम्पीडन्स एका ओहमच्याही बराच खाली आला. पण हा फीडबॅक घेतो कोण? इनपुटला बसलेली डिफरन्शिअल जोडी. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला आउटपुटचा थोडा हिस्सा, आणि दोघांतला फरक ती पुढे पाठवते. म्हणजे १९३६ ची लाँग-टेल्ड पेअरच, फक्त काचेच्या जागी सिलिकॉन. सॉलिड स्टेट पार्टीने उगाच कॉलर ताठ करू नये!

मग शेवटी जोडायचं काय कशाला? ब्लमलाइनने जसं फक्त व्हॉल्व्हकडे न बघता व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि लोड मिळून एकच सर्किट मानलं, तसंच आपण बघायचं.

पहिलं, ओहम. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या मागे ४, ८, १६ असे टॅप असतात. आतला ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हला सोसेल असा लोड दाखवतो. उदाहरणार्थ २५ ला १ असा टर्न्स रेशो असेल तर ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५००० ओहमचा दिसतो. म्हणून स्पीकरप्रमाणे टॅप निवडायचा. सॉलिड स्टेटला टॅप नसतात, तिथे कमीत कमी किती ओहम चालतील ते मागे वाचायचं.

दुसरं, सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डीबी, हा आकडा. ८७ डीबीच्या स्पीकरला १०० वॅट दिल्यावर जेवढा आवाज निघतो, तेवढाच ९७ डीबीच्या स्पीकरला १० वॅटमध्ये मिळतो. त्यामुळे छोट्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला ९५ डीबीच्या पुढचे स्पीकर शोभतात. कमी सेन्सिटिव्हिटीचे, मध्येच ३-४ ओहमवर उतरणारे स्पीकर करंट मागतात, त्यांना दमदार सॉलिड स्टेटच लागतो.

तिसरं, इम्पीडन्सची चढउतार. ज्या स्पीकरची रेघ फार वरखाली जात नाही, तो व्हॉल्व्हवर निश्चिंत वाजतो. फार चढउतार असेल तर व्हॉल्व्हवर आवाज रंग बदलणार. तो बदल एखाद्याला गोडवा वाटेल, एखाद्याला बिघाड. व्हॉल्व्हच्या ज्या खास आवाजावरून आपण भांडतो, त्यातला बराच भाग या व्होल्टेज डिव्हायडरमधूनच येतो!

आणि एक धोक्याची सूचना. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधी वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड स्टेट अ‍ॅम्प नुसता मोकळा ठेवला तर सहसा काही होत नाही, पण स्पीकरच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेच म्हणून समजा.

२०१५ मध्ये आयट्रिपलई या संस्थेने अ‍ॅबी रोड स्टुडिओत स्टीरिओच्या शोधासाठी ब्लमलाइनच्या नावाची पाटी लावली आणि २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मृत्यूनंतर तब्बल ७५ वर्षांनी! तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी विंगमध्ये भांडण पेटलं की आधी स्पीकर उलटा करून त्याच्या मागचे आकडे वाचा, मग हवी ती बाजू घ्या. आणि स्क्रू, नट, वायरी, सगळं नीट आवळलंय ना, तेही एकदा तपासा.